सिद्दी

भारतात स्थायिक झालेला मूळ आफ्रिकी वंशाचा एक लोकसमूह. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा परिसर व मुंबई, गुजरातमध्ये गीरचे अरण्य, सौराष्ट्रातील शहरे व भडोच जिल्हा, कर्नाटकात उत्तर कन्नड, धारवाड व बेळगाव हे जिल्हे, तसेच दीव व हैदराबाद येथे त्यांची वस्ती आढळते. मराठीत त्यांना सिद्दी, शिद्दी किंवा हबशी म्हणतात. गुजरातीत सीदी असा उच्चार रूढ आहे. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमात म्हणून नोंदलेल्या सिद्दींची संख्या १९,५१४ होती. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींचा समावेश नसल्याने येथील सिद्दी या आकड्यात धरलेले नाहीत.

नामव्युत्पत्ती : ‘सिद्दी’ हा शब्द ‘स्वामी’ किंवा ‘धनी’ या अर्थाच्या अरबी ‘सय्यद’, ‘सय्यिदी’ या शब्दांपासून आला, असे सामान्यतः मानतात. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना स्वामीवाचक नाव मिळावे, हा विरोधाभास त्यांच्या इतिहासाशी सुसंगत आहे. कारण यांपैकी काही सेनापती, वजीर आणि नबाब झाले, तर बहुसंख्य घरगडी, खलाशी व शेतमजूर राहिले. ‘हबशी’ हा शब्द अ‍ॅबिसिनियाच्या ‘अल् हबश’ या अरबी नावावरून पडला. इथिओपिया व एरिट्रिया या देशांच्या पठारी प्रदेशातील लोक आजही स्वतःस ‘हबेशा’ म्हणवितात. भारतात मात्र हा शब्द पुढे आफ्रिकेतून आलेल्या कोणासही लावला जाऊ लागला. जंजिरा संस्थानच्या मुलखास मराठी कागदपत्रांत ‘हबसाण’ म्हटले आहे. गोव्यात आफ्रिकी गुलामांना ‘खाप्री’ ही संज्ञा होती. ती अरबी ‘काफिर’ या शब्दाचे पोर्तुगीजांमार्फत आलेले रूप होय.

मूळ आणि आगमन : आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान व भारताचा पश्चिम किनारा यांच्यातील व्यापार मोसमी वाऱ्यांवर चाले. या मार्गांनी हस्तिदंत, सोने, कापड व अकीक यांच्याबरोबर माणसांचाही व्यापार होई. दिल्लीच्या रझिया सुलतानाच्या (कार. १२३६–४०) दरबारी असलेला जमालुद्दीन याकूत हा हबशी होता. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने हबशांचा उल्लेख समुद्रावरील जहाजांचे भरवशाचे रक्षक असा केला आहे. बंगालमध्ये १४८७ ते १४९३ या काळात हबशी सुलतानांनी राज्य केले. अहमदाबाद येथील दगडी जाळ्यांसाठी विख्यात असलेली मशीद (१५७२–७३) सीदी सय्यद या हबशी अमिराने बांधविली.

प्रारंभीच्या काळात आलेले हबशी मुख्यत्वे इथिओपिया व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतील होते. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर मोझँबीक व स्वाहिली किनारा येथून बांटूभाषक लोक मोठ्या संख्येने येऊ लागले. हैदराबाद येथील कोशिकीय व आण्विक जीवविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात गुजरात व कर्नाटकातील सिद्दींचा आफ्रिकी वारसा प्रामुख्याने बांटूभाषक लोकांशी जुळत असल्याचे दिसून आले. म्हणजेच ‘हबशी’ या नावावरून आजच्या सर्व सिद्दींचे मूळ अ‍ॅबिसिनियात शोधणे योग्य ठरत नाही. एका देशातील एक जमात भारतात आली असे नसून, निरनिराळ्या प्रदेशांतील व भाषांतील माणसे निरनिराळ्या काळी आली आणि भारतातच त्यांचा एक समाज बनला.

दख्खनमधील हबशी : बहमनी राज्यात व त्यातून निघालेल्या सुलतानशाह्यांत हबशांना लष्करात मोठे स्थान होते. गावाकडच्या नात्यागोत्यांपासून तुटलेला गुलाम धन्याशीच एकनिष्ठ राहील, या समजुतीने अमीर त्यांना विकत घेत, इस्लामची दीक्षा देत आणि शस्त्रविद्या शिकवीत. धन्याच्या मृत्यूनंतर असा गुलाम बहुधा मुक्त होई व स्वतःचे पथक उभारी. अटलांटिकपलीकडील मळ्यांवरच्या गुलामगिरीहून ही लष्करी गुलामगिरी वेगळी होती; तीत दास्य वंशपरंपरेने चालत राहीलच असे नसे. दरबारातील ‘दख्खनी’ व ‘आफाकी’ (इराण, अरबस्तान इ. देशांतून आलेले) या तटांच्या संघर्षात हबशी सामान्यतः दख्खनींच्या बाजूस असत.

या व्यवस्थेतून वर आलेला सर्वांत कर्तबगार पुरुष म्हणजे मलिक अंबर (सु. १५४८–१६२६). त्याचे मूळ नाव चापू. इथिओपियातील हरार भागात जन्मलेला हा मुलगा मोखा, बगदाद असे मालक बदलत दख्खनमध्ये आला. तेथे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. चंगीझखान हा स्वतःही हबशी होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मूर्तझा निजामशाहास परांडे येथे गादीवर बसविले व निजामशाही पाव शतक तगवून धरली. मराठा सरदारांच्या घोडदळाच्या साह्याने त्याने गनिमी काव्याचे युद्धतंत्र वापरले. भातवडीच्या लढाईत (१६२४) त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजी भोसले त्याच्या बाजूने लढले. जमिनीची प्रतवारी करून सारा ठरविण्याची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने आपली मुलगी निजामशाहास दिली, तर मुलगा फतहखान याचा विवाह एका हबशी सरदाराच्या मुलीशी लावून दिला. राजघराण्याशी सोयरीक जोडतानाच आपसांतील संबंध राखण्याची हबशी अमिरांची रीत यावरून दिसते. त्याची कबर खुलदाबाद येथे आहे.

दोन खडकी : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावी राजधानी वसविली व तेथे नहरींनी पाणी आणले. या शहराचे नाव पुढे फतहनगर व नंतर औरंगाबाद असे झाले. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. पुण्यालगतची खडकी ही यापेक्षा वेगळी. दुसरा बाजीराव व इंग्रज यांच्यातील ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे ती इतिहासात प्रसिद्ध आहे. नामसाम्यामुळे या दोन गावांत गल्लत होण्याचा संभव असला, तरी पुण्याजवळील खडकीचाही आफ्रिकेशी स्वतंत्र संबंध आला आहे. अ‍ॅबिसिनियाचा सम्राट टेवोड्रोस (थिओडोर) याने यूरोपीय लोकांना कैदेत टाकल्यामुळे इंग्रजांनी १८६७–६८ मध्ये मुंबई लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपिअर याच्या नेतृत्वाखाली मुंबईहून मोहीम काढली. तीत ‘बाँबे सॅपर्स अँड मायनर्स’ या अभियंता पलटणीच्या तुकड्यांनी भाग घेतला. या पलटणीचे केंद्र पुढे खडकी येथे स्थिरावले. एप्रिल १८६८ मध्ये मॅगडालाचा किल्ला पडला आणि सम्राटाने आत्महत्या केली. दुसऱ्या महायुद्धात पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील सैनिकांच्या डिव्हिजन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या. त्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या आफ्रिकी सैनिकांचे स्मारक खडकीच्या युद्ध दफनभूमीत आहे. या सैनिकांचा सिद्दींशी संबंध नाही. तथापि शस्त्र हाती घेऊन आफ्रिकेतून भारतात आलेल्यांची परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली, हे त्यावरून लक्षात येते.

जंजिऱ्याचे सिद्दी : राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता. व्यापाऱ्याच्या वेशात आलेल्या पिरमखानाने मद्याची पिंपे म्हणून आपले शिपाई आत शिरविले व रामा पाटलाकडून तो घेतला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. सध्याचा दगडी किल्ला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीच्या काळात उभा राहिला. ‘जंजिरा’ हे नाव बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दाचे रूप आहे. निजामशाही संपल्यावर सिद्दींनी प्रथम विजापूरचे व १६७० नंतर मोगलांचे स्वामित्व मान्य केले. शिवाजी महाराज, संभाजी महाराज व पेशवे या सर्वांनी प्रयत्न करूनही हा किल्ला मराठ्यांना घेता आला नाही. शिवाजी महाराजांनी त्याच्यासमोर पद्मदुर्ग बांधला. सिद्दी याकूतखानाने १६८९–९० मध्ये मुंबईवर हल्ला करून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले होते. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने सिद्दी सात यास लढाईत ठार मारल्यानंतर सिद्दींचे बळ कमी झाले.

मराठ्यांचा सिद्दींशी संबंध केवळ वैराचा नव्हता. १६६० मध्ये आदिलशाहीच्या वतीने पन्हाळ्यास वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, तसाच तो वेढा उठविण्यासाठी महाराजांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलालही होता.

जंजिऱ्याची गादी दीर्घ काळ बापाकडून मुलाकडे जाण्याचा नियम नव्हता. सिद्दी सरदार आपल्यातील कर्तबगार पुरुषास प्रमुख निवडीत. त्यास वजीर म्हणत. नबाब ही पदवी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ झाली. पुढे वारसाहक्क मान्य झाल्यावर ही निवडीची प्रथा मागे पडली. १७९१ च्या तहाने जंजिऱ्यावरील हक्काच्या बदल्यात एका सिद्दी वारसास सुरतेजवळचे सचीन संस्थान मिळाले. संस्थानात सिद्दी हे संख्येने अल्प होते. प्रजा मुख्यतः आगरी, कोळी, कुणबी व कोकणी मुसलमान अशी होती. सिद्दी सुन्नी पंथाचे असून कोकणातील इतर मुसलमानांप्रमाणेच त्यांचे सण, पोशाख व आहार असे. सत्ताधारी झाल्यामुळे येथील सिद्दींनी दरबारी रीतिरिवाज स्वीकारले आणि आफ्रिकी नृत्यगायनाच्या परंपरा त्यांच्यात फारशा टिकल्या नाहीत. मुरुडजवळील खोकरी येथील सिद्दी प्रमुखांचे घुमट हे त्यांच्या वास्तुशैलीचे अवशेष होत. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले.

मुक्त गुलाम व नाशिकचे आश्रयस्थान : एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडू लागले. सुटका झालेल्या आफ्रिकी स्त्रीपुरुषांना व मुलांना मुंबईत उतरविले जाई. प्रौढांपैकी पुष्कळजण गोदीत व जहाजांवर खलाशी किंवा आगवाले म्हणून कामास लागले. मुलांपैकी काहींना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळील शरणपूर येथील आश्रयस्थानात ठेवून शिक्षण व सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकविले. पूर्व आफ्रिकेत या लोकांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासांत नाशिकला शिकलेले काही तरुण त्याच्याबरोबर होते. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचे शव किनाऱ्याकडे आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये त्या शवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत स्थापन झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे नाव तिला देण्यात आले. नाशिकचे अनेक आफ्रिकी तेथे शिक्षक, कारागीर व धर्मोपदेशक म्हणून गेले. भारतात आलेल्या आफ्रिकी लोकांपैकी परत गेलेला असा मोठा व संघटित गट हा अपवादात्मकच म्हणावा लागेल.

धार्मिक परंपरा : गुजरात व मुंबईतील सिद्दींच्या धर्मजीवनाचे केंद्र बावा गोर हा पीर आहे. भडोच जिल्ह्यातील रतनपूरजवळच्या टेकडीवर त्याचा दर्गा आहे. परंपरेनुसार बावा गोर, म्हणजेच सीदी मुबारक नोबी, हा आफ्रिकेतून एका राक्षसीचा नाश करण्यासाठी आला. स्त्रीरूप असलेल्या त्या शक्तीस तो व त्याचा भाऊ बावा हबश हे जिंकू शकले नाहीत; तेव्हा त्यांची बहीण माई मिश्रा आली आणि तिने राक्षसीस जमिनीत गाडले. त्यामुळे बहिणीच्या स्थानासही भावाइतकाच मान असून स्त्रियांच्या आजारांसाठी व संतानप्राप्तीसाठी माई मिश्राला नवस बोलतात. तिच्या नावाने स्त्रिया खिचडीचा विधी करतात. अकीक या रत्नाच्या व्यापाराचा संरक्षक म्हणूनही बावा गोरची ख्याती आहे. या टेकड्यांच्या परिसरात अकीकाच्या जुन्या खाणी आहेत. दर्ग्यात हिंदू, मुसलमान व पारशी भाविक येतात. भूतबाधा झालेल्यांना तेथे आणतात आणि सिद्दी फकीर त्यांच्यासाठी पीराची मध्यस्थी करतात. आफ्रिकेतून लादून आणलेल्या लोकांना भारतीय समाजात मानाचे स्थान मिळाले, ते या मध्यस्थीच्या अधिकारामुळे. रोगनिवारणासाठी ढोल, नृत्य व अंगात येणे यांचा आधार घेणारे संप्रदाय पूर्व व मध्य आफ्रिकेतील बांटूभाषक लोकांत सर्वत्र आढळतात. सिद्दींनी ही कल्पना सूफी पंथाच्या चौकटीत बसवून जतन केली.

संगीत व नृत्य : उरुसाच्या व नवसफेडीच्या प्रसंगी होणाऱ्या सिद्दींच्या नृत्यास ‘धमाल’ किंवा ‘गोमा’ म्हणतात. ‘गोमा’ हा शब्द बांटू भाषांतील ‘न्गोमा’ (ढोल, तसेच ढोलावरील नृत्य) या शब्दापासून आला आहे. उभा ठेवून वाजविण्याचा ‘मुगरमान’ हा मोठा ढोल आणि ‘मलुंगा’ हे धनुष्याकृती वाद्य ही या प्रकारातील विशेष वाद्ये होत. मलुंग्याच्या काठीस तार ताणून तिला भोपळ्याचा अनुनादक जोडलेला असतो. ब्राझीलमध्ये आफ्रिकी गुलामांच्या वंशजांत प्रचलित असलेले ‘बेरिंबाउ’ हे वाद्य याच कुळातील आहे. नर्तक कमरेस मोरपिसे बांधतात व पशुपक्ष्यांच्या हालचालींचे अनुकरण करतात. नृत्य रंगात आल्यावर नारळ उंच उडवून डोक्यावर फोडण्याची प्रथा आहे. धमालच्या गाण्यांत स्वाहिलीशी जुळणारे काही शब्द आढळतात. गाणाऱ्यांस त्यांचा अर्थ बहुधा ठाऊक नसतो, पण पीरास प्रिय म्हणून ते तसेच उच्चारले जातात. अलीकडे ही नृत्ये पर्यटकांसमोर व महोत्सवांतही सादर होतात. त्यामुळे उपजीविकेचे साधन मिळाले असले, तरी उपासना व करमणूक यांतील सीमारेषा पुसट होत चालली आहे.

कर्नाटकातील सिद्दी : गोव्यात पोर्तुगीजांच्या घरी व मळ्यांवर राबणारे गुलाम पळून सह्याद्रीच्या अरण्यांत शिरले, त्यांचे वंशज उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड इ. तालुक्यांत राहतात. येथील सिद्दींत हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. असे असूनही पूर्वजांची पूजा सर्वांत समान आहे. पूर्वजांना ‘हिरियरू’ (वडीलधारे) म्हणतात व नारळाच्या रूपाने त्यांची स्थापना करतात. लग्नकार्यात व सणांत प्रथम त्यांचे स्मरण केले जाते. धर्म भिन्न असूनही सिद्दींत परस्पर विवाह होतात. दमामी या ढोलाच्या साथीने चालणारे नृत्य व स्त्रियांची फुगडी हे त्यांचे रंजनप्रकार होत. त्यांची घरची बोली कोकणीवर आधारित असून तीत मराठी व कन्नड शब्दांचे मिश्रण आहे. मूळ आफ्रिकी भाषा लुप्त झाल्या आहेत.

सिद्दी स्त्रिया जुन्या लुगड्यांचे व कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ शिवतात. ही महाराष्ट्रातील वाकळ किंवा गोधडी यांसारखीच असते. परंतु शिवण कडेपासून सुरू होऊन आत मध्याकडे सरकते आणि चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ जोडतात. फुलांवाचून कवंदी अपुरी समजली जाते. अलीकडे या कवंद्यांची परदेशांतही प्रदर्शने झाली आहेत.

सामाजिक स्थिती : जंजिरा व सचीन येथील नबाबांची घराणी वगळता सिद्दींची आर्थिक स्थिती हलाखीची राहिली. उत्तर कन्नडमध्ये ते सुपारीच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या कर्ज फेडीत मजुरी करीत. त्याशिवाय मध व इतर वनोपज गोळा करीत. टी. सी. पालाक्षप्पा यांनी या समाजाचा अभ्यास करून लिहिलेला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातमध्ये सौराष्ट्रातील जिल्ह्यांतील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा पूर्वीपासून आहे. कर्नाटकात तो उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता २००३ मध्ये व बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांसाठी २०२० मध्ये मिळाला. जिल्ह्यानुसार दर्जा ठरत असल्याने एकाच नात्यागोत्यातील काही कुटुंबांना सवलती मिळत व काहींना मिळत नसत. शांताराम सिद्दी यांची २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. गीरमधील जांबूर येथे स्त्रियांच्या बचतीचे व शिक्षणाचे कार्य करणाऱ्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

सिद्दी जेथे जेथे राहिले, तेथील भाषा, पोशाख, आहार व धर्म त्यांनी आत्मसात केला. तरीही रूपवैशिष्ट्यांमुळे त्यांना अनेकदा परदेशी समजले जाते व स्वदेशातच नागरिकत्वाविषयी विचारणा केली जाते. वस्तुतः त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकात शेकडो वर्षांपूर्वी आले असून दख्खनचे राज्यकारण, सारापद्धती व कोकणची सागरी सत्ता यांच्या घडणीत हबशांचा वाटा आहे. ज्या आफ्रिकी प्रदेशांतून ते आले त्यांची नावे त्यांच्या कथांतून बहुतांशी पुसली गेली. ढोलाचा ठेका, पूर्वजांचा मान आणि पीराची आण या रूपांतच त्या मूळभूमीची आठवण टिकून राहिली आहे.